सुधाकर शृंगारे

सुधाकर तुकाराम शृंगारे हे महाराष्ट्रातील उद्योजक व राजकारणी आहेत. सतराव्या लोकसभेत (२०१९–२०२४) त्यांनी भारतीय जनता पक्षाचे सदस्य म्हणून लातूर या अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले. २०१९ मध्ये ते २,८९,१११ मतांच्या आघाडीने विजयी झाले. २०२४ मध्ये याच मतदारसंघात काँग्रेसचे डॉ. शिवाजी काळगे यांनी त्यांचा ६१,८८१ मतांनी पराभव केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शृंगारे यांनी काँग्रेस पक्षात प्रवेश केला. त्यांच्या आडनावाचे लेखन शृंगारे, श्रृंगारे आणि श्रंगारे अशा तीन प्रकारे आढळते.

पार्श्वभूमी

शृंगारे हे मूळचे लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यातल्या घरणी येथील. बांधकाम व ठेकेदारी हा त्यांचा व्यवसाय. मराठवाड्यात ठेकेदाराला सर्रास ‘गुत्तेदार’ म्हटले जाते. हा शब्द निजामाच्या हैदराबाद संस्थानातील व्यवहारभाषेतून आला असून तेथे मक्त्याला ‘गुत्ता’ म्हणत. ज्या प्रदेशात मोठे कारखाने थोडे आणि शेती पावसाच्या भरवशावर, तेथे रस्ते, पाझर तलाव, शाळाखोल्या आणि नळयोजना यांची शासकीय कामे हाच रोख पैशाचा एक मोठा स्रोत असतो. त्यामुळे गुत्तेदारी हा या भागात शेती व व्यापाराच्या खालोखाल प्रतिष्ठेचा धंदा बनला आणि ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंतच्या राजकारणात या वर्गाचा वावर वाढला. पूर्वी हे स्थान साखर कारखाने, शिक्षणसंस्था आणि सहकारी बँका यांच्या संचालकांकडे असे. शृंगारे यांचा उदय या बदलाच्या काळातला आहे.

अनुसूचित जातीतून आलेल्या व्यावसायिकाला मात्र आणखी एक अडचण असते. सहकारी संस्थांचे जाळे प्रामुख्याने जमीनधारक जातींच्या हाती राहिल्याने राखीव मतदारसंघातील उमेदवारापाशी स्वतःचा कारखाना, दूधसंघ किंवा शिक्षणसंस्था क्वचितच असते. निवडणुकीचा खर्च पेलण्याची ऐपत आणि पक्षसंघटनेचा पाठिंबा या दोनच गोष्टींवर त्याची उमेदवारी उभी राहते. पहिली गोष्ट व्यवसायातून मिळू शकते. दुसरी पक्षातील प्रस्थापित नेत्यांकडून मिळवावी लागते. शृंगारे यांच्या वाटचालीतील चढउतार बऱ्याच अंशी या दुसऱ्या गोष्टीशी निगडित राहिले.

मतदारसंघाचे स्वरूप

लातूर लोकसभा मतदारसंघ १९८० ते १९९९ या काळातील सलग सात निवडणुकांत शिवराज पाटील चाकूरकर यांच्याकडे होता. ते १९९१ ते १९९६ या काळात लोकसभेचे अध्यक्षही होते. २००४ मध्ये भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर यांनी त्यांचा ३०,८९१ मतांनी पराभव केला. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर लातूर अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. राखीव लातूरमधून २००९ मध्ये काँग्रेसचे जयवंतराव आवळे अवघ्या ७,९७५ मतांनी निवडून आले. त्यांच्याकडून पराभूत झालेले भाजपचे डॉ. सुनील गायकवाड २०१४ मध्ये २,५३,३९५ मतांच्या आघाडीने विजयी झाले.

पुनर्रचनेनंतर या मतदारसंघात लातूर शहर, लातूर ग्रामीण, अहमदपूर, उदगीर व निलंगा हे लातूर जिल्ह्यातील पाच आणि लोहा हा नांदेड जिल्ह्यातील एक असे सहा विधानसभा मतदारसंघ आहेत. लातूर जिल्ह्यातीलच औसा मात्र धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) मतदारसंघाला जोडला गेला. नांदेड जिल्ह्याची विभागणी तर तीन लोकसभा मतदारसंघांत झाली आहे: किनवट व हदगाव हिंगोलीत, लोहा लातूरमध्ये आणि उरलेले नांदेडमध्ये. लोहा–कंधार परिसरातील मतदाराचे जिल्हाधिकारी कार्यालय, मोठी बाजारपेठ आणि विद्यापीठ नांदेडला, खासदार मात्र लातूरचा, अशी ही रचना आहे. तुळजापूरहून निघून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा व नांदेड या मार्गाने नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ या मतदारसंघाच्या कण्यासारखा आहे. सहाही भागांना जोडणारा दुसरा समान धागा शोधू गेल्यास सोयाबीनचे पीक आणि पाण्याची टंचाई हेच सांगावे लागतील. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांमधून पाणी आणावे लागले होते. १२ एप्रिल रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीत प्रत्येकी सुमारे ५०,००० लिटर पाण्याच्या दहा टाक्या होत्या.

राजकारणात प्रवेश

२०१७ हे वर्ष लातूर जिल्ह्याच्या राजकारणात वळणाचे ठरले. विलासराव देशमुख यांच्या काळापासून काँग्रेसचा बालेकिल्ला मानल्या गेलेल्या या जिल्ह्यात भाजपने त्या वर्षी जिल्हा परिषदेची सत्ता प्रथमच मिळवली. लातूर महानगरपालिकेत आधी एकही जागा नसताना भाजपने ७० पैकी ३६ जागा जिंकून बहुमत गाठले. तत्कालीन पालकमंत्री संभाजी पाटील निलंगेकर यांना या यशाचे श्रेय दिले जाते. भाजपच्या या लाटेत जिल्हा परिषदेवर निवडून आलेल्या सदस्यांत शृंगारे होते.

दोन वर्षांनी, लोकसभा निवडणुकीच्या वेळी, भाजपने विद्यमान खासदार गायकवाड यांना डावलून शृंगारे यांना उमेदवारी दिली. अडीच लाखांहून अधिक मतांनी जिंकलेल्या खासदाराची उमेदवारी कापली जाणे ही साधी गोष्ट नव्हती. राखीव मतदारसंघात उमेदवारापेक्षा जिल्ह्यातील नेतृत्वाचे गणित अधिक निर्णायक ठरते, याचे हे उदाहरण म्हणून पाहता येते. पुढे पाच वर्षांनी त्याच गणिताची झळ स्वतः शृंगारे यांनाही लागली.

२०१९ ची निवडणूक

लातूरमध्ये १८ एप्रिल २०१९ रोजी दुसऱ्या टप्प्यात मतदान झाले. त्यापूर्वी ९ एप्रिल रोजी औसा येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि शिवसेनेचे उद्धव ठाकरे यांची संयुक्त सभा झाली. बालाकोट हवाई कारवाईचा उल्लेख करून नवमतदारांना केलेल्या आवाहनामुळे या सभेतील मोदी यांचे भाषण देशभर चर्चेत आले. प्रचाराचा रोख राष्ट्रीय सुरक्षा आणि केंद्रातील नेतृत्व यांवर राहिला.

२३ मे रोजी जाहीर झालेल्या निकालात शृंगारे यांना ६,६१,४९५, काँग्रेसचे मच्छिंद्र कामत यांना ३,७२,३८४ आणि वंचित बहुजन आघाडीचे राम गारकर यांना १,१२,२५५ मते मिळाली. राज्यातील काही मतदारसंघांत वंचितच्या मतांमुळे काँग्रेस आघाडीचे उमेदवार पडल्याची चर्चा तेव्हा झाली; लातूरला ती लागू होत नाही. कामत आणि गारकर यांच्या मतांची बेरीज ४,८४,६३९ होते, म्हणजे शृंगारे यांच्या मतांपेक्षा ती पावणेदोन लाखांनी कमीच भरते. शेजारच्या नांदेडमध्ये त्याच निवडणुकीत भाजपचे प्रताप पाटील चिखलीकर यांनी माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचा ४०,१४८ मतांनी पराभव केला. चिखलीकर तेव्हा लोहा मतदारसंघाचे आमदार होते. नांदेडचा उमेदवार लातूर मतदारसंघातील आमदार असल्याने लोह्यातील कार्यकर्त्यांना दोन्हीकडच्या प्रचाराची ओढाताण सोसावी लागली.

या विजयाचा अर्थ लावताना पाच महिन्यांनी झालेल्या विधानसभा निवडणुकीचा निकाल शेजारी ठेवणे आवश्यक आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये या मतदारसंघातील सहापैकी केवळ निलंग्याची जागा भाजपकडे आली. लातूर शहर व लातूर ग्रामीण काँग्रेसने, अहमदपूर व उदगीर राष्ट्रवादी काँग्रेसने आणि लोहा शेतकरी कामगार पक्षाने जिंकले. लातूर ग्रामीणमध्ये तर काँग्रेसच्या धीरज देशमुख यांच्यानंतर दुसऱ्या क्रमांकाची २७,५०० मते ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाला पडली. जवळपास तीन लाखांची आघाडी देणारा मतदार पाच महिन्यांत इतका पालटला, यावरून लोकसभेतील कौल उमेदवाराच्या स्थानिक पायापेक्षा पंतप्रधानपदाच्या प्रश्नावर दिला गेला होता, असे अनुमान काढता येते.

खासदारकीचा काळ

शृंगारे यांच्या कार्यकाळाचा मोठा भाग कोविड साथीने व्यापला. एप्रिल २०२० पासून खासदारांच्या वेतनात वर्षभरासाठी ३० टक्के कपात झाली आणि स्थानिक क्षेत्र विकास निधी स्थगित झाला. एरवी प्रत्येक खासदाराला वर्षाला पाच कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. हा निधी नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाला, तेव्हा त्या आर्थिक वर्षाच्या उरलेल्या काळासाठी दोन कोटी रुपये मिळाले. पहिल्यांदाच निवडून आलेल्या आणि मोठी संस्थात्मक ताकद पाठीशी नसलेल्या खासदारासाठी ही अडचण इतरांपेक्षा अधिक होती, कारण समाजमंदिर, सभागृह, हायमास्ट दिवे अशी या निधीतील कामे हेच गावोगावी दिसणारे त्याचे अस्तित्व असते. खासदार केवळ काम सुचवतो. मंजुरी व अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते. सुचवलेल्या कामांपैकी १५ टक्के निधी अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी राखावा लागतो.

नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्यात महाविकास आघाडीचे सरकार आले आणि लातूरचे पालकमंत्रिपद काँग्रेसचे अमित देशमुख यांच्याकडे गेले. केंद्रातील सत्ताधारी पक्षाचा खासदार आणि राज्यातील सत्ताधारी पक्षाचा पालकमंत्री अशी ही स्थिती जून २०२२ पर्यंत टिकली. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद पालकमंत्र्याकडे असते, तर केंद्रपुरस्कृत योजनांवर देखरेख करणाऱ्या ‘दिशा’ समितीचे अध्यक्षपद खासदाराकडे. जिल्ह्यातील पैशाचा मोठा ओघ पहिल्या समितीतून वाहतो. शासकीय कार्यक्रमांत आपल्याला डावलले जाते, अशी नाराजी शृंगारे यांनी जाहीरपणे व्यक्त केली होती. मानपान हा विषय वरवर किरकोळ वाटतो. पण राखीव मतदारसंघातील लोकप्रतिनिधीच्या संदर्भात तो प्रतिनिधित्वाच्या मूळ हेतूला भिडतो.

एप्रिल २०२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीच्या निमित्ताने लातूर शहरात शृंगारे यांच्या पुढाकाराने डॉ. आंबेडकरांची सुमारे ७० फूट उंचीची प्रतिकृती उभारण्यात आली. ‘स्टॅच्यू ऑफ नॉलेज’ या नावाने ती ओळखली जाते. त्यांच्या कार्यकाळातील उपक्रमांपैकी मतदारसंघाबाहेर सर्वाधिक माहीत झालेला उपक्रम हाच होय.

या काळात लातूरजवळील मराठवाडा रेल्वे डबा कारखान्याचे काम पुढे सरकले. ३१ मार्च २०१८ रोजी, म्हणजे शृंगारे खासदार होण्यापूर्वी, त्याचे भूमिपूजन झाले होते. २५ डिसेंबर २०२० रोजी डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला. नियमित उत्पादन आणि त्यातून मिळणाऱ्या नोकऱ्यांची प्रतीक्षा मात्र लांबत गेली. पुढे वंदे भारत शयनयान गाड्यांच्या बांधणीसाठी रेल विकास निगम आणि रशियन कंपनी यांच्या संयुक्त उपक्रमाकडे येथील काम सोपवण्यात आले. कारखान्याचे श्रेय कोणाचे आणि विलंबाचा दोष कोणाचा, हा वाद २०२४ च्या प्रचारातही निघाला.

ठेकेदारी आणि लोकप्रतिनिधित्वाचा कायदा

व्यावसायिक, विशेषतः शासकीय कामे घेणारा व्यावसायिक, लोकप्रतिनिधी झाला की त्याच्या धंद्याचे काय, हा प्रश्न शृंगारे यांच्यापुरता मर्यादित नाही. ब्रिटिश संसदेने १७८२ मध्येच कायदा करून सरकारी ठेकेदारांना सभागृहाबाहेर ठेवले होते; हे बंधन तेथे १९५७ मध्ये उठले. भारतात लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम ९-अ यासंबंधी आहे. त्यानुसार, सरकारला माल पुरवण्याचा किंवा सरकारने हाती घेतलेले काम करण्याचा करार एखाद्याने आपल्या व्यवसायाच्या ओघात केला असेल, तर तो करार चालू असेपर्यंत ती व्यक्ती अपात्र ठरते. काम पूर्ण झाले असून केवळ सरकारकडून देयक यायचे बाकी असेल, तर करार चालू असल्याचे मानले जात नाही.

या कलमाची मर्यादा त्यातील ‘समुचित शासन’ या शब्दांत आहे. संसद सदस्यासाठी समुचित शासन म्हणजे केंद्र सरकार, आमदारासाठी राज्य सरकार. म्हणजे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाचे किंवा महानगरपालिकेचे काम घेणारा ठेकेदार आमदारकीच्या आणि खासदारकीच्या पात्रतेबाबत वेगवेगळ्या निकषांना सामोरा जातो. शिवाय करार व्यक्तीने नव्हे तर कंपनीने केला असेल, तर कंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती असल्याने भागधारकाला हे कलम सहसा लागू होत नाही. महाराष्ट्र जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियम, १९६१ मधील तरतूद याहून कडक आहे. त्यात परिषदेच्या कामात स्वतःचा किंवा भागीदाराचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असणे हेही अपात्रतेचे कारण आहे. पंचायतराज संस्थेतील सदस्याला लावलेली कसोटी देशाचे कायदे करणाऱ्या सदस्याच्या कसोटीहून कठोर असावी, ही विसंगती अभ्यासकांनी अधिक लक्ष देण्याजोगी आहे.

पारदर्शकतेच्या बाजूने काही पावले पडली आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ मधील निकालांमुळे उमेदवाराला मालमत्ता, देणी व गुन्ह्यांविषयी शपथपत्र देणे बंधनकारक झाले. २०१८ मधील लोकप्रहरी खटल्याच्या निकालात उत्पन्नाचे स्रोत आणि सरकारशी असलेले करार हेही जाहीर करण्यावर भर देण्यात आला. राज्यसभेत सदस्यांच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही ठेवली जाते. शृंगारे यांच्यासारख्या लोकसभा सदस्यांना मात्र शपथ घेतल्यापासून ९० दिवसांत मालमत्ता व देण्यांचे विवरण अध्यक्षांकडे द्यावे लागते; मतदाराला सहज चाळता येईल अशी हितसंबंधांची नोंदवही त्यांच्यासाठी नव्हती.

२०२४ चा पराभव

२०२४ मध्ये भाजपने शृंगारे यांनाच पुन्हा उमेदवारी दिली. कागदावर परिस्थिती २०१९ पेक्षाही अनुकूल दिसत होती. राष्ट्रवादी काँग्रेसच्या फुटीनंतर अहमदपूरचे बाबासाहेब पाटील आणि उदगीरचे संजय बनसोडे हे दोन्ही आमदार अजित पवार यांच्यासह महायुतीत आले होते. फेब्रुवारीत अशोक चव्हाण यांनी, तर मार्चअखेरीस शिवराज पाटील चाकूरकर यांच्या स्नुषा अर्चना पाटील चाकूरकर यांनी भाजपमध्ये प्रवेश केला. ३० एप्रिल रोजी पंतप्रधान मोदी यांची लातूरला सभा झाली.

काँग्रेसने नेत्ररोगतज्ज्ञ डॉ. शिवाजी काळगे यांना उभे केले. ते माला जंगम या अनुसूचित जातीतील असून लिंगायत परंपरेशी या समाजाचे जवळचे नाते आहे. लिंगायत समाजाची लक्षणीय संख्या असलेल्या निलंगा, उदगीर, अहमदपूर या पट्ट्यात या निवडीला अर्थ होता. मराठा आरक्षण आंदोलनाचा मराठवाड्यातील जोर, संविधान बदलले जाईल ही दलित मतदारांमधील धास्ती आणि सोयाबीनचा पडलेला भाव या तीन गोष्टी एकाच वेळी सत्ताधाऱ्यांच्या विरोधात गेल्या. २०२३–२४ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,६०० रुपये होता. बाजारात त्याहून कमी भाव मिळत असल्याची शेतकऱ्यांची तक्रार होती. या पिकाच्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक असलेल्या लातूरमध्ये हा मुद्दा घरोघरचा होता.

७ मे रोजी मतदान होऊन ४ जून रोजी निकाल लागला. काळगे यांना ६,०९,०२१, शृंगारे यांना ५,४७,१४० आणि वंचितचे नरसिंगराव उदगीरकर यांना ४२,२२५ मते मिळाली. शृंगारे यांची मते पाच वर्षांत १,१४,३५५ ने घटली, तर काँग्रेसची २,३६,६३७ ने वाढली. वंचितची घटलेली सुमारे ७०,००० मते संपूर्णपणे काँग्रेसकडे गेली असे धरले, तरी काँग्रेसच्या वाढीचा तिसरा हिस्साही त्यातून भरून निघत नाही. पराभव मतविभागणी टळल्यामुळे नव्हे, तर भाजपकडे आलेला मतदार मागे फिरल्यामुळे आणि नव्या मतदारांनी काँग्रेसला पसंती दिल्यामुळे झाला, हे या आकड्यांवरून दिसते. नांदेडमध्येही काँग्रेसचे वसंतराव चव्हाण यांनी चिखलीकर यांना ५९,४४२ मतांनी हरवले. दोन शेजारी मतदारसंघांतील आघाड्या इतक्या जवळच्या असल्याने स्थानिक उमेदवारापेक्षा प्रादेशिक वारे प्रबळ होते, असा निष्कर्ष निघतो.

पक्षांतर

पराभवानंतर शृंगारे आणि जिल्ह्यातील भाजप नेतृत्व यांच्यातील अंतर वाढत गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या प्रचारकाळात, त्यांनी भाजप सोडून काँग्रेसमध्ये प्रवेश केला. सहा महिन्यांपूर्वी ज्या पक्षाने त्यांना हरवले, त्याच पक्षाच्या व्यासपीठावर ते गेले. त्या वेळी ते संसद सदस्य नसल्याने पक्षांतरबंदी कायद्याचा प्रश्न उद्भवला नाही.

२० नोव्हेंबर रोजी झालेल्या विधानसभा निवडणुकीत लातूर लोकसभा क्षेत्रातील सहापैकी पाच जागा महायुतीने जिंकल्या. लातूर ग्रामीणमध्ये भाजपचे रमेश कराड, निलंग्यात संभाजी पाटील निलंगेकर, अहमदपुरात बाबासाहेब पाटील, उदगीरमध्ये संजय बनसोडे आणि लोह्यात राष्ट्रवादी काँग्रेसच्या उमेदवारीवर प्रताप पाटील चिखलीकर निवडून आले. काँग्रेसकडे अमित देशमुख यांची लातूर शहराची जागा तेवढी राहिली. २०१९ मध्ये शृंगारे भाजपचे खासदार असताना भाजपला या क्षेत्रात सहापैकी एक जागा मिळाली होती. ते काँग्रेसमध्ये गेल्यावर तोच आकडा काँग्रेसच्या वाट्याला आला.